मेलेल्याच्या घरचा धूर

चि. शंकरप्पास,
सोलापुराहून चंद्रव्वा अक्काचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

"इरण्णा छापखान्यात वाया गेला, त्याला दुकानावर परत धाड," असं पोटच्या पोराबद्दल लिहिताना तुझा हात कसा थांबला न्हाय? सारखं विचारतो म्हणून लहानपणी त्याला मारायचास. आता विचारण्याचाच त्याला पगार मिळतो.

नीट वाच. रविवारी इरण्णाच्या वर्तमानपत्राकडं विजापूरची तार आली, की इथले चनबसप्पा आडते तिकडं वारले. हल्ली कोण आधी छापतो याचीच घाई. दुसऱ्या वर्तमानपत्रानं काळी चौकट घालून छापलंसुद्धा. आपला इरण्णा मात्र उन्हातनं त्यांच्या घरी गेला, तर छपरातनं चुलीचा धूर! मयताच्या घरी कुटं चूल पेटते? त्यानं कानडीत हाक मारली, तर चनबसप्पाच भाकरी चावत दारात आले. आदल्या दिवशीच परतले होते. वारला तो त्याच नावाचा दुसरा आडत्या.

संपादकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. म्हणाले, "लिहायला मी शिकवीन. बघायला हा शिकूनच आलाय." त्याला कायमचा बातमीदार ठेवतायत, फक्त बापाचा होकार मागतात.

पोरगं जरा वाळलंय, चपला झिजल्यात, पण माझ्याकडं दोन वेळा जेवतंय. आईचे गुडघे कसे हायेत?

सोमवारपातूर तुझा होकार आला पायजे. न्हाय आला, तर तुझ्या घरची चूल पेटलीय का बघायला इरण्णालाच धाडीन.

तुझी अक्का,
चंद्रव्वा