लाल पेनाचे गोल

३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर पैशाचं बोलायचं नाही, कोण ऐकत असेल नेम नाही, असं तुझंच म्हणणं, म्हणून हे पत्र. पहिल्या बँकेने घराच्या कर्जाला नाही म्हटलं. मनगट मोडून मी बिनपगारी घरी बसले होते ना, तेव्हा स्कूटरचे हप्ते थकले होते. पुढे दंडासकट सगळे भरले, पण बँकेच्या नोंदीत ते अजून तसेच दिसतात.

दुसरी बँक मात्र विचार करतेय, तेही तू जानेवारीत दिलेल्या पैशांमुळे. सुरुवातीची रक्कम हातात आहे म्हटल्यावर तिथल्या साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांना तुझ्या सहीचं पत्र हवंय: पैसे भेट म्हणून दिलेत, परत मागणार नाही, आणि त्या घरावर तुझा कसलाही हक्क नाही. मजकूर सोबत आहे, तू फक्त सही कर.

पंधरा मेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर इसार बुडेल, आणि माझी ही भाड्याची खोली मालकाने विकलीय. आत्या, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासताना सुद्धा मला त्या घराचं स्वयंपाकघर दिसतं. उशीर नको गं करूस.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं मागते.
तुझी ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मजकूर वाचला. दोनदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. हक्क नाही, हे कशाला लिहून हवंय त्या साहेबाला? मी कुठे हक्क सांगायला आले होते? आपल्या भाचीला पैसे दिले, त्यात तिसऱ्याने नाक खुपसायचं कारण काय? बघायला कसा आहे तो? बोलताना डोळ्यात बघतो का?

हसू नकोस. कापडाच्या कारखान्याच्या फाटकावर आयुष्यभर बायकांच्या पिशव्या तपासल्यात मी. जी फार गोड बोलायची, तिच्या डब्याखाली हमखास दोऱ्याची रिळं निघायची.

आणि आता खरं सांगते. माझ्या पासबुकात काहीतरी पाणी मुरतंय. फेब्रुवारीपासून दर महिन्याला कोणीतरी पाच पाच हजार भरतोय. नाव वाचलं, ओळखीचं नाही. मी एका पैशाला हात लावलेला नाही. चोरांची ही नवी तऱ्हा दिसते, आधी घालायचं आणि मग सगळंच काढायचं. तुझा साहेब आणि हा माणूस एकाच माळेचे मणी असणार. छडा लागेपर्यंत मी कशावरही सही करणार नाही.

जेवतेस ना वेळेवर? मनगटाला तेल लाव.
आत्या

१४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, साहेब सरळ माणूस आहे, त्याचा तुझ्या पासबुकाशी काय संबंध? ते पाच हजार कुठल्यातरी भल्या दुकानदाराच्या हातून चुकून येत असतील. येऊ देत की, तुझं काय जातंय? कृपा करून त्यावरून कुठे गवगवा करू नकोस.

आणि एक विचारू? रागावू नकोस. तुझं मन फिरलंय का? वहिनीने कान भरलेत का तुझे? जानेवारीत तू एका शब्दाने दिलेस, आणि आता सहीच्या वेळी चोर आठवले. द्यायचे नसतील तर तसं सांग. मी इसार सोडून देईन, कुठेतरी खोली बघेन, पण असं टांगून ठेवू नकोस.

दिवस थोडे उरलेत. उत्तर लगेच पाठव.
ठमी

१९ एप्रिल

ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण आज मी चिडलेय.

माझ्या सुनेचं नाव मध्ये आणलंस. तिला या पैशांचा पत्ताही नाही. कान भरायला आधी माणसाला माझ्याजवळ यावं लागतं. मी कोणाला जवळ करते का?

आता माझं ऐक. मी तुला लिहिलं होतं, कोणीतरी भरतोय. दुकानदार भरतोय असं कुठे लिहिलं होतं? तुला कसं कळलं गं? पत्र पुन्हा उघडून ती ओळ मी बोट ठेवून वाचली. पिशवी घट्ट धरून चालणारी बाई मी लांबून ओळखायचे, आणि माझीच पोर माझ्यासमोरून पिशवी घट्ट धरून चाललीय. कोण आहे तो? सावकार आहे का? की कोणाला न सांगता लग्न उरकलंस? खरं काय ते लिही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी पासबुकाची प्रत साहेबाला पाठवून दिलीय. त्या नोंदींभोवती लाल पेनाने गोल केले आणि विचारलं, हे तुमचं काम का? चोर असेल तर घाबरेल, म्हटलं.

आणि मन फिरलेलं नाही. हक्क मला नकोच आहे. पण नाही असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायला मन घेत नाही, एवढंच.
आत्या

२४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्न केलेलं नाही, सावकारही नाही. ते आमच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. पैसे माझेच, माझ्या पगारातले. माझं नाव दिसलं असतं तर तू उभ्या पावली परत पाठवले असतेस, म्हणून त्यांच्या हातून भरत होते.

जानेवारीत मी म्हटलं होतं, हळूहळू फेडीन. तू अशी काही उखडलीस की पुन्हा विषय काढायची हिंमत झाली नाही. पण आत्या, हप्ते चुकवणारी म्हणून माझ्याकडे सगळ्यांनी कसं बघितलं, ते तुला ठाऊक नाही. बँकेतला शिपाईसुद्धा. एक तरी कर्ज मला वेळेवर फेडायचं होतं. तुझं.

तुझे लाल गोल साहेबांनी बघितले आणि ते नाव माझ्या पगाराच्या दाखल्यावरचं, म्हणून लगेच ओळखलं. मला बोलावून म्हणाले, ही भेट नाही, हे लपवलेलं कर्ज आहे. आधीच तुमचे हप्ते थकलेले, त्यात हे. फाइल बाजूला ठेवलीय. आता तू स्वतः येऊन सांगितलंस तरच ती पुन्हा उघडेल, नाहीतर घर गेलं.

मी तुझ्यावर संशय घेतला, त्याची लाज वाटते. ये म्हणायला तोंड नाही. तरी ये.
ठमी

३ मे

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

काल बँकेत जाऊन आले. तुला मुद्दामच कळवलं नाही. तू शेजारी बसून डोळे पुसले असतेस आणि मला धड बोलता आलं नसतं.

साहेब पोरगेलासा आहे. एकच प्रश्न त्याने तीनदा फिरवून फिरवून विचारला. मी फाटकावर अगदी तेच करायचे! माझ्याच धंद्यातला निघाला मेला. मग माझा संशय गेला. त्याला म्हटलं, पोरगी मूर्ख आहे, लबाड नाही. घेतलेलं तिला पचत नाही. माझा भाऊही असाच होता. मग त्याच्यासमोरच तुझे सगळे पैसे तुझ्या खात्यात परत केले. हप्ते बँकेचे भर, माझे नकोत. पुन्हा पाठवलेस तर याद राख.

आयुष्यभर मी लोकांनी पिशवीतून काय बाहेर नेलं तेवढंच बघितलं. माझ्या पिशवीत कोणी गुपचूप काही घालेल, हे कधी डोक्यातच आलं नाही गं. म्हणून मला ती चोरी वाटली.

सही केली. हक्क नाही या ओळीपाशी हात जरा थांबला. साहेबाने पाणी मागवलं. आता लिहूनच दिलंय, तेव्हा बोलावल्याशिवाय मी तुझ्या दारात यायची नाही.

मनगट जप.
आत्या

२१ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इसाराच्या मुदतीला दोन दिवस उरले असताना कर्ज मंजूर झालं. व्याज इतरांपेक्षा थोडं जास्त लावलंय, थकलेल्या हप्त्यांपायी. लावू देत. परवा किल्ली मिळाली. दोनच खोल्या, आतल्या दाराची कडी लागत नाही, स्वयंपाकघरात मात्र सकाळी भरपूर ऊन येतं. काल तिथे जमिनीवर बसून एकटीच रडले. तुझे पैसे परत आलेले बघून आधी राग आला होता. आता नाही.

तू बोलावणं मागितलंस, हे ते. पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीने ये. ऊन येतं त्या खिडकीखाली तुझी खाट टाकलीय. दारात मी उभी असेन आणि तुझी पिशवी मीच तपासेन, अगदी तळापर्यंत. कपडे थोडे निघाले तर आत घेणार नाही. परतीचं तिकीट सापडलं तर जप्त.

लोभ असाच राहू दे, आत्या. त्याची मी परतफेड करणार नाही.
तुझी ठमी