कपिलीच्या पोटातलं दाभण

ता. ३ डिसें., बुध
कपिलीनं कालपासून वैरणीला तोंड लावलं नाही. पाठीला कुबड काढून उभी. बसताना कण्हते. सात महिन्यांची गाभण. हे म्हणतात अपचन. ओवा-गूळ पाजला, काही नाही. डॉक्टरबाईला फोन केला. उद्या येते म्हणे. उद्या!

ता. ४, गुरु
आली पारोळ्याहून. पोरगीच आहे, पण हात पक्का. छातीखाली काठी घालून दोघांनी वर दाबली तर कपिली केवढ्यानं कण्हली. "मावशी, पोटात टोकदार लोखंड आहे. काळजाकडे सरकलं तर गाय जाईल, वासरूपण."
म्हटलं, माझ्या गोठ्यात असलं नसतं. सुनेकडं बघून म्हटलं.
"कापसाची पोती कशानं शिवता?" बाईनं विचारलं.
दाभणानं. शोधलं, नाही. मग आठवलं. सोमवारी मीच शिवत होते. व्यापाऱ्याची गाडी दारात भोंगा वाजवतेय. घाईत दाभण शेजारच्या पेंडीच्या पोत्यात खोचलं. सांजेला तेच पोतं कपिलीपुढं उपडं केलं.
हे म्हणाले, "तुले धीरच नही." हो म्हटलं. मी!
बाईनं बोटाएवढं लोहचुंबक गिळवलं तिला. आत राहून दाभण धरून ठेवतं. सुया टोचल्या. पुढचे पाय उंचावर ठेवायचे, हलवायचं नाही. फरक नाही पडला तर पोट फाडायचं.

ता. ५, शुक्र
सुनेला म्हटलं, चूक माझी. "आई, परत म्हणा, मोबाइलमधे भरून ठेवते." हसलो दोघी.
मुरुमाचा ओटा केला. गाय पुढून उंच, मागून ठेंगणी. शेजारचे नाना दारातून, "अक्का, गाय फोटोले उभी शे का?" म्हटलं हो, तुम्ही बाजूला उभे राहा, जोडी शोभेल.

ता. ८, सोम
मक्याची चार पानं खाल्ली. नाक ओलं. आणि शेण! चांगला पो. आयुष्यभर शेण काढलं, पण इतकं गोड कधी वाटलं नाही. सून म्हणे पेढे आणू? आण म्हटलं. आणले खरंच. नानांना दोन दिले, कशाचे ते खाल्ल्यावर सांगितलं.

ता. १०, बुध
रवंथ करते! समोर मांडी घालून बसले, चूल विझली तरी उठले नाही. हे पण येऊन बसले.
बाई तपासून गेली. चीर सध्या टळली. पण दाभण आतच. विताना कळा देईल, तेव्हा चुंबकापासून सुटू शकतं. तोवर नक्की काही नाही सांगता येत.
जाताना तिनं माझा हात कपिलीच्या कुशीवर ठेवला. आतून लाथ बसली. चांगली खणखणीत.
म्हटलं, सावकाश ये रे बाबा. घाई नाही.