न आवळलेल्या बोल्टवरचा ठिपका

आप्पा, त्या मंगळवारी सकाळी मी एका जुन्या गाडीखाली उताणा पडून स्टीअरिंगच्या दांड्याजवळच्या दोन बोल्टांवर पिवळे ठिपके दिले. रंग जरा पातळ केला होता. कारखान्यातला मूळ ठिपका एका बाजूला ओघळलेला होता आणि तो ओघळसुद्धा तसाच यायला हवा होता. तो आला. मी स्वतःवर खूश होऊन बाहेर सरकलो, हात पुसले आणि चहा टाकला. त्या सकाळी माझ्या हातून घडलं ते एवढंच.

मी काय काम करतो ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी चिंचवडलाच होतो, आता बावीस वर्षं न्यूझीलंडमध्ये आहे. हॅमिल्टनच्या बाहेर 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या कारखान्यापासून जवळच, आमची शेड आहे. लोक पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या घेऊन येतात आणि कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी करून मागतात. इंजिन, पत्रा, रंग हे दुसरे बघतात. माझ्याकडे खुणा आहेत. तपासणाऱ्याने ब्रश टेकवून दिलेला ठिपका, ॲक्सलवरचा निळा पट्टा, पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला आकडा. आधी कापसाने हळूहळू ग्रीस काढायचं. घाई केली की ग्रीसबरोबर खूणही जाते आणि मग ती कशी होती हे जगात कुणालाच माहीत राहत नाही. खूण सापडली की फोटो काढायचा, पातळ कागदावर गिरवून घ्यायची, आणि भाग नव्याने रंगवून झाला की पुन्हा तिथेच द्यायची. सुरुवातीला मी फार नीटस द्यायचो. मालक हसले होते. इथे दोस्ताला 'मेट' म्हणतात. "हे फारच सुंदर झालंय, मेट. कारखान्यातल्या त्या माणसाला चहाला जायचं होतं." तेव्हापासून मी त्या माणसाचा विचार करतो. ब्रशचे केस कुठून कुठे ओढले गेलेत ते पाहून तो डावखुरा होता का, हेही आता कळतं. आणि बहुतेक वेळा त्याच्या जागी तुम्हीच दिसता, उजव्या अंगठ्याच्या नखात कायमचा पिवळा रंग बसलेले.

गाड्यांच्या कारखान्यातल्या तुमच्या खात्यात मी एकच उन्हाळा काम केलं. गावच्या शाळेतून बारावी झालो होतो, आयटीआयला नंबर लागायचा होता. तुम्ही साहेबांना विचारून मला आत घेतलं होतं. ॲक्सल समोर येतात, तुम्ही पाना लावून प्रत्येक नट तपासता, पाना कट्ट वाजला, म्हणजे नट पुरता घट्ट, की डबीतला ब्रश टेकवता. एका दुपारी तुम्हाला ऑफिसात बोलावलं आणि पाना माझ्या हातात आला. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. मी दोन-चार नट तपासले, सगळे घट्ट लागले, मग उरलेल्यांवर नुसते ठिपके देत गेलो. तुम्ही परत आलात. नुसतं बघून तुम्हाला कसं कळलं ते मला अजून उमगलेलं नाही.

"बघितलेस का सगळे?"

"बघितले."

"हातानं बघितलेस का डोळ्यानं?"

तुम्ही थिनरचा बोळा घेतलात आणि एकेक ठिपका पुसलात, मी खरे तपासलेलेसुद्धा. "आता कुठला खरा ते तुलाही सांगता यायचं नाही," एवढंच म्हणालात. सगळे जेवायला गेले आणि आपण दोघं तिथे उभे राहून पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री आई स्वयंपाकघरात विचारत होती, पोरगं जेवत का नाही. तुम्ही म्हणालात, "दमलंय ते. वाढ अजून एक भाकरी." आईला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

आता त्या मंगळवारचं. आमच्याकडे स्टीअरिंगचं काम करणारा मेकॅनिक चौसष्ट वर्षांचा आहे, इथलाच, हॅमिल्टनमध्ये जन्मलेला. आदल्या दिवशी त्याने ते दोन बोल्ट हाताने बसवून ठेवले होते, आवळले नव्हते. या गाड्या प्रदर्शनात उभ्या राहतात, म्हणून बोल्ट आवळल्याची खूण म्हणून आजकाल मारतात ती मार्करची रेघ आम्ही कुठेच मारत नाही. त्याऐवजी आमची एक रीत आहे. त्याने "झालं" म्हटल्यावरच मी जुना ठिपका द्यायचा. त्या सकाळी गाडीच्या मालकीणबाई बघायला येणार होत्या आणि मेकॅनिक एक सुटा भाग आणायला गेला होता. बोल्ट जागेवर बसलेले दिसले. मी विचारायला थांबलो नाही. दुपारी तो गाडीखाली शिरला, पिवळं दिसलं, म्हणजे आपण काल आवळून याला सांगितलं असणार, असं समजून पुढच्या कामाला लागला.

बाई सत्तरीच्या पुढच्या. गाडी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची. घरी नेल्यावर चौथ्या दिवशी एका राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, स्टीअरिंग फिरलं आणि चाक फिरलं नाही. गाडी फुटपाथच्या कडेवर चढून थांबली. त्यांचं मनगट मुरगळलं. वेग कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. समोर कुणी चालत नव्हतं ही देवाची कृपा, दुसरं काही म्हणता येत नाही.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "चूक माझी. मी याला झालं म्हणून सांगितलं आणि आवळलंच नाही. आवळल्याचं आठवत नाही, सांगितल्याचंही आठवत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी, मेट. तुलाही अडकवलं." आणि मी मान हलवली, आप्पा. नुसती मान.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याला बघत होतो. तो खिशात वही ठेवायला लागला. एकच नट तीनदा तपासायचा आणि तरी परत जायचा. घरी निघताना गाडीचं दार लावून चार पावलं गेला की वळून पुन्हा ओढून बघायचा. एकदा डबा खाताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग आमची नावं." डॉक्टरकडे वेळ घेतली होती त्याने. नाताळनंतर काम सोडायचं म्हणत होता. त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि हे माहीत असणारा माणूस शेजारी बसून पोळी-भाजी खात होता.

घरी देव चादरी-टॉवेलांच्या कपाटात आहेत, वरच्या फळीवर. इथे घराघरात गरम पाण्याच्या टाकीचं असं एक उबदार कपाट असतं. रोज आंघोळ करून दिवा लावतो. त्या तीन आठवड्यांतही लावला, हातही जोडले, पण मागण्यासारखं काही सुचेना. बायकोला मी सारं सांगितलं होतं. ती एक दिवस मागे येऊन उभी राहिली. "देवाला सांगून झालं असेल तर आता त्या माणसाला सांगा. देवाला आधीपासून माहिती आहे." मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे की. त्याची तर जातेच आहे."

इथवर लिहून कागद चार दिवस पडून होते. मी उगीच दिवस काढत होतो. काल सकाळच्या चहाला शेडमध्ये मालक आणि तो दोघंच होते, तेव्हा बोललो. इंग्रजी माझं एरवी बरं आहे, काल तुटक झालं.

तो म्हणाला, "म्हणजे तू मला विचारलंच नव्हतंस?"

"नाही."

"आणि मी झालं म्हणून सांगितलंच नव्हतं?"

"नाही. तू नव्हतासच इथे."

"हलकट आहेस तू," तो अगदी हळू म्हणाला. कप खाली ठेवला, बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. काचेतून दिसत होता, आमच्याकडे पाठ करून उभा, मोकळा हात डोळ्यांवर. मालक मला म्हणाले की सोमवारी बोलू, आणि बाईंना तुझं तूच जाऊन सांग. संध्याकाळी गेलो. मनगटाला पट्टा बांधलेल्या त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, क्षमा केली की नाही ते सांगितलं नाही, आणि दार लावून घेतलं.

सोमवारी काय होईल माहीत नाही. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण तुमच्या शिकवणीने मला बोलायला लावलं असं लिहायला मी बसलो होतो आणि ते खरं नाही. तुमची शिकवण त्या मंगळवारीही माझ्यापाशी होती, मान हलवली तेव्हाही होती. परवा सकाळी त्याने मला दोनदा विचारलं, आज वार कोणता, आणि दुसऱ्यांदा विचारताना आधी माफी मागितली. ते मला सहन झालं नाही. म्हणून काल सांगितलं.