कानटोप्यांचा सर्व्हे

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात लिहिणार. मला वाचता येत नाही, तेव्हा हे कुणी वाचेल ही भीतीच मिटली. नात मार्केटिंग शिकते, शेवटच्या वर्षाला. विद्यापीठ एवढंसं, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा शिपाई खिडकी लावून घेतो. प्रोजेक्ट मिळालाय: एक वस्तू निवडा, सर्व्हे करा, स्टॉल लावून विका. जमलं नाही तर वर्ष पाण्यात. वस्तू मी निवडली. माझ्या हातच्या कानटोप्या. पोरीचं नशीब थोर.

६ जानेवारी
नात म्हणते, सर्व्हे मी करते, तुला कुणी खरं सांगणार नाही. मला? या इमारतीतली निम्मी पोरं माझ्या मांडीवर मुतली आहेत. ती मला खोटं सांगतील?

९ जानेवारी
सर्व्हे झाला. प्रत्येक दार वाजवलं, टोपी स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवली, मग विचारलं. एकूण एक जण म्हणाला, छान आहे, आजी. तळमजल्यावरचा शिंपी तर म्हणाला, स्टॉल लागला की दोन घेतो. आजच घे म्हटलं, तर त्याला एकदम मशीनला तेल घालायचं आठवलं. कामाचा माणूस.
नातीच्या तोंडावर हसू नाही. शिकलेल्यांना आनंद पचत नाही.

१२ जानेवारी
मागणी प्रचंड येणार. दुपारची झोप बंद.

१३ जानेवारी
झोपले. विचार करायला डोळे मिटावेच लागतात.

१७ जानेवारी
लोकर संपली. सुनेचा जुना स्वेटर उसवला. सून तो शोधतेय. हे लिहू नकोस गं.

२२ जानेवारी, दुपार
विद्यापीठाच्या फाटकाजवळ स्टॉल लागला. पोरं येतात, टोपी घालतात, फोन वाजला की काढून ठेवतात. ऐकू येत नाही म्हणे. कानटोपी आहे बाबांनो, कान झाकणारच. इमारतीतलं कुणी फिरकलं नाही. शिंपी दिसला, पण मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेला. तिकडे सावली असेल.

संध्याकाळ
एक टोपी गेली. वाऱ्याने.

२३ जानेवारी
नात रात्री जेवली नाही. मी समजावलं, मोठ्या कंपन्यांनाही वेळ लागतो. तिने वाढलेलं पान तसंच ठेवलं. आज मीही टाके मोजताना चुकले. थंडीमुळे.

२ फेब्रुवारी
नात पास! वर्गात पहिली. टोप्या खपल्या नाहीत, तर त्या का खपल्या नाहीत हेच तिने सरांसमोर मांडलं: ज्याला तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही, त्याच्याकडून सर्व्हे करून घेऊ नये. सर म्हणाले, असं उदाहरण पुस्तकातसुद्धा नाही.
मी विचारलं, कोण गं तो माणूस? ती पेनाचं टोपण शोधायला लागली.
म्हटलं, जाऊ दे मेलं जग. तू सांग, तुला तरी आवडते ना माझी टोपी?
लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाली, छान आहे, आजी.