नमुना क्रमांक एक

१२ जानेवारी २००४
विषय मंजूर. आमच्या लॅबच्या प्रमुख कालिंदी मॅडम चक्क हसल्या. पेशीत आरएनए हा प्रोटीन बनवण्याचा निरोप घेऊन फिरतो. काही प्रोटिनं त्याला चिकटतात आणि कुठला निरोप पोचवायचा, कुठला दाबायचा ते ठरवतात. त्यातलं एक गर्भाच्या यकृतात असतं, पुढे गप्प होतं, आणि यकृताच्या कॅन्सरात पुन्हा जागं होतं. मग शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ती रक्तात शोधायची. आजाराची आगाऊ चाहूल! मार्चअखेर पेपर. उद्यापासून पहाटे उठणे.

१३ जानेवारी
आठला उठलो. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं. पहिलं माझंच दिलं. वय शेहेचाळीस, एक गोळी चालू नाही.
संध्याकाळी लालबागला मनमोहनबरोबर बसलो. गिरगावातला शाळासोबती. मिलच्या ऑफिसात होता. संपात नोकरी गेली, तेव्हापासून पितो. एकट्याला सोडलं तर वाहवत जाईल, म्हणून मी सोबत करतो. माझी रम ही समाजसेवाच. उर्मिलाला बायको असून हे पटत नाही.

२ फेब्रुवारी
पहिले निकाल. रुग्णांचे आकडे वर, निरोग्यांचे खाली. एकच निरोगी थेट रुग्णांच्या घोळक्यात जाऊन बसलाय. नमुना क्रमांक एक. रसायन खराब, दुसरं काय! कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं.

११ फेब्रुवारी
नवं रसायन. तोच आकडा.
शास्त्रज्ञाने स्वतःवरही संशय घ्यावा. प्रामाणिकपणे घेतला. चहा संपेपर्यंत घेतला. मग सुचलं : फ्रीज! लॅबच्या मागे मिल पाडतायत, व्होल्टेज खालीवर होतं. तक्रार केली.
घरी उर्मिला म्हणाली, ‘अहो, डोळे पिवळट दिसतायत. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगून वर्ष झालं.’ ट्यूबलाइट बदलायला हवी.

२७ फेब्रुवारी
मॅडमनी विचारलं, नमुना एक कोणाचा? म्हटलं, एका निर्व्यसनी गृहस्थाचा. खोटं बोललो का? विचार केला. व्यसन म्हणजे जे सुटत नाही ते. मी सोडायचा प्रयत्नच केलेला नाही, तेव्हा सिद्ध काय होतं?
मॅडम म्हणाल्या, ‘त्यांना शोधून आजच्या आज डॉक्टरकडे पाठवा.’ निरोप मिळाला. पोचवतो सवडीने.
आयडिया : मनमोहनचं रक्त तपासायचं. त्याचा आकडा आभाळाला भिडेल. मग ही अँटिबॉडी दारूनेही वाढते असं म्हणता येईल. माझ्या यकृताला क्लीन चिट, वर एक जादा पेपर.

८ मार्च
मनमोहनचा आकडा सगळ्यांत खाली. पुन्हा तपासला. आणखी खाली.
संध्याकाळी जाब विचारला. म्हणतो, ‘अरे अच्युत, गेल्या गणपतीपासून मी नुसता सोडा पितोय. तुझ्यासमोरच पितो की रे!’
मग येतोस कशाला, विचारलं.
‘तुला एकट्याला सोडलं तर वाहवत जाशील, म्हणून.’
उठून आलो. अर्धा पेग तसाच टाकून. (पाऊण संपला होता.)

१२ मार्च
सोनोग्राफी. उर्मिलाने हात धरून नेलं. यकृत आक्रसलंय, त्यावर एक गाठ. लहान आहे, वेळेत सापडली, काढता येईल. डॉक्टरांनी विचारलं, संशय कसा आला? मी घसा साफ करून संशोधनाबद्दल सांगणार, तेवढ्यात उर्मिला म्हणाली, ‘यांना नाही आला. यांना सोडून सगळ्यांना आला.’

३० मार्च
गाठ कॅन्सरचीच निघाली. उद्या ऑपरेशन. आमच्याच हॉस्पिटलच्या इमारतीत, लॅबच्या दोन मजले खाली. भीती वाटते. हे इथेच लिहितो.
पेपर मात्र वेळेत गेला. मॅडमनी नमुना एक रुग्णांच्या गटात हलवला. आलेख इतका सुबक कधीच आला नव्हता. निरोगी गटातली माझी रिकामी जागा मनमोहनला दिली.
तो भेटायला आला होता. दोन सोडे घेऊन. उर्मिलाने ग्लास पुसून दिले.
‘घे,’ म्हणाला, ‘सोबत करतो.’
प्यायलो. याला काहीच चव नसते.