दिवाळीला मागवलेल्या काचा

२४ नोव्हेंबर १९८३

प्रिय रुखमिणी,
तुला आशीर्वाद, आईला नमस्कार. मी बरा आहे. आईचा खोकला थांबला का?

तू लिहिलंस, "दिवाळी झाली, आभाळ मोकळं. आता तं तुमचं काम भरभर होऊन राहिलं असन." आकाशाच्या पाहणीचं सामान ठरवताना मीही आपल्या सिहोऱ्याचंच आभाळ धरलं आणि ताऱ्यांचे फोटो घ्यायच्या सगळ्या काचा दिवाळीला मागवल्या. इथे दक्षिणेत पाऊस आत्ताच कोसळतो. तीन आठवडे तारा दिसला नाही. काचांवरचं रसायन दमटपणानं बिघडलं.

साहेब कोठारातल्या सुब्बय्यावर ओरडले, "तूच नीट ठेवल्या नाहीस. नीघ!" मी शेजारीच होतो, रुखमिणी. गप्प राहिलो.

आज तो सामान बांधतो आहे. हे पत्र टाकून मी साहेबांकडे जातो. नोकरी गेली तर आईला हळूच सांग.

तुझाच,
वासुदेव