सुगतची पेज

३ नोव्हेंबर
नागपूरहून आलो. मोनूच्या आजाराला नाव मिळालं, पण ते मला अजून नीट म्हणता येत नाही. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं – भात, पोळी, गूळ, यांची त्याच्या अंगात ताकद होत नाही, लॅक्टिक ॲसिड होऊन रक्तात साठतं. म्हणून ताप आला की धाप लागते, पाय लटपटतात. जन्मापासूनचं आहे. आईकडून येतं. म्हणजे माझ्याकडून.
भात बंद. तूप, अंडी, मासळी, खोबरं – तेही मोजून. सिहोऱ्यासारख्या धानाच्या गावात राहायचं आणि भात नाही!

४ नोव्हेंबर
आज मोनूच्या बापाने, कैलाशनेही भात घेतला नाही. मी काही म्हटलं नव्हतं.

७ नोव्हेंबर
मागच्या बांधीत धानकापणी सुरू झाली. तो वास घरात आला आणि सुगत आठवला.
माझा धाकटा भाऊ. माहेरी, सानगडीला आम्ही पोरं कापलेल्या बांधीतून पळायचो, तो शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहायचा. दम नव्हता त्याला. मग हाक मारायचा, "बाई, मले पाठीवर घे." मी घ्यायचे. फार हलका होता. पाठीवरून बैल हाकल्यासारखा मला हाकायचा, आणि मीही वळायचे.
आजारी पडला की माय नव्या तांदळाची पेज करायची, गूळ घालून. वाटीतला पहिला चमचा तो मला द्यायला लावायचा. तसं गोड मी पुन्हा खाल्लं नाही. सहा वर्षांचा होऊन गेला. शेवटच्या तापातही माय त्याला मांडीवर घेऊन पेजच चारत होती.
नागपूरला डॉक्टरांनी विचारलं होतं, तुमच्या भावंडांत कोणी असं होतं का. मी सांगितलं. ते म्हणाले, "बहुतेक हेच असावं."
पेज. वरून गूळ.

८ नोव्हेंबर
झोप नाही.

१२ नोव्हेंबर
माय आली सानगडीहून. येताना मोनूसाठी पोहे आणले होते. ते खाता येत नाहीत म्हटल्यावर काहून, कायले, सगळं विचारलं. मी आजार समजावून सांगितला. ती ऐकत राहिली. पोहे पुन्हा पिशवीत बांधले.
संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, "सुगतलेही हेच होतं का?"
"नाही माय. त्याले निमोनिया होता. मी डॉक्टरले विचारलं."
"विचारलं ना?"
"हो."
मान हलवली आणि भांडी घासत राहिली.

१५ नोव्हेंबर
मोनू या आठवड्यात एकदाही पडला नाही! माय त्याला तुपातलं अंडं चारते, नाक मुरडत. ती कधी अंडं खात नाही.
दुपारी दोघी सुगतबद्दल बोलत बसलो. तो मला कसा हाकायचा ते तिला आठवत होतं. मोठ्याने हसली. त्याचं नाव घेऊन ती हसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, बरं झालं, हिला काही कळलं नाही.

१६ नोव्हेंबर
मायला एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना खिडकीतून माझा हात धरला. म्हणाली, "तुले खोटं बोलता येत नाही, साधना. पण बोलली ते बरं केलं. मोनूले पेज नको देजो."